हेल्दी किड्स योजना (कॅलिफोर्निया)

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील काउंट्यांनी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या प्रशासनांनी, अल्प उत्पन्न गटातील मुलांसाठी चालवलेली आरोग्य विमा योजना. जानेवारी २००१ मध्ये सांता क्लारा काउंटीत ती प्रथम सुरू झाली. सिलिकॉन व्हॅली म्हणून मराठी घरांच्या ओळखीचा झालेला मुलूख तो हाच. मेडी-कॅल आणि हेल्दी फॅमिलीज या सरकारी योजना होत्या, पण कायदेशीर वास्तव्याची कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरित मुलांना त्यांतून पूर्ण विमा मिळत नसे. काउंटीने ठरवले, की दारिद्र्यरेषेच्या तिपटीपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातले एकही मूल विम्याविना ठेवायचे नाही. दात आणि डोळ्यांचे उपचारही त्यात धरले. पुढे अनेक काउंट्यांनी हा कित्ता गिरवला.

अडचण पैशाची. मेडी-कॅलच्या खर्चात केंद्र सरकार निम्मा तरी वाटा उचलते. या मुलांसाठी केंद्राकडून काहीच येत नव्हते. मग जुळवाजुळव झाली: राज्यांनी भरलेल्या खटल्यांत तंबाखू कंपन्यांशी १९९८ मध्ये झालेल्या तडजोडीची रक्कम, पॅकार्ड फाउंडेशनसारख्या संस्थांची अनुदाने आणि सिगारेटच्या पाकिटामागे ५० सेंट कर. हा कर १९९८ च्या जनमताने लागू झाला. अनुदाने ठरावीक मुदतीची. लोक सिगारेट सोडू लागले की कराचे उत्पन्न घटणार, हे उघडच होते. पण खरी मेख वयाची होती: कराचा पैसा फक्त पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी होता. त्यामुळे लॉस एंजेलिस काउंटीला २००५ मध्ये ६ ते १८ वयोगटाची नवी नोंदणी थांबवावी लागली. एकाच घरात चार वर्षांच्या धाकटीच्या नावाचे विमा कार्ड यायचे आणि नऊ वर्षांचा थोरला प्रतीक्षा यादीत राहायचा. दाढ दुखायची ती दोघांचीही सारखीच. या मुलांना रोखले ते आजाराने नव्हे, निधीच्या अटींनी, आणि हे अन्यायाचेच होते.

सिगारेटच्या पाकिटामागे आणखी २.६० डॉलर कर लावून त्यातला काही भाग मुलांच्या विम्याला देण्याचा प्रस्ताव नोव्हेंबर २००६ मध्ये मतदारांनी फेटाळला. त्यानंतरच्या मंदीत काउंट्यांचे हात आणखी आखडले.

अखेर मे २०१६ पासून राज्याने स्वतःच्या तिजोरीतून एकोणीस वर्षांखालील सर्व पात्र मुलांना, कागदपत्रे असोत वा नसोत, मेडी-कॅलमध्ये घेतले. २००५ मध्ये यादीत अडकलेला नऊ वर्षांचा मुलगा तोवर ही मर्यादा ओलांडून गेला होता.