शेतमाल बाजारभाव-प्रसार

बाजार समित्यांतील आवक व दर शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था. दर प्रतिक्विंटल किमान, कमाल व सर्वसाधारण असे देतात. सर्वसाधारण म्हणजे सरासरी नव्हे. बहुतांश माल ज्या दराने विकला गेला तो दर.

दर जाहीर होण्यासाठी आधी तो उघडपणे ठरावा लागतो, म्हणून या व्यवस्थेचे मूळ नियंत्रित, म्हणजे सरकारी नियमांनी चालणाऱ्या, बाजारांत शोधतात. पहिला नियंत्रित बाजार म्हणून वऱ्हाडातील कारंजा येथील कापूस बाजाराचा (1886) उल्लेख येतो. तो हैदराबाद रेसिडेन्सीच्या, म्हणजे वऱ्हाडाचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या कार्यालयाच्या, आदेशान्वये सुरू झाला. काही लेखक मात्र वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्यापासून (1897) गणना करतात. समितीची रचना या कायद्याने घालून दिली, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कारंज्याच्या बाजारामागे मँचेस्टरच्या गिरण्यांना शुद्ध कापूस मिळावा हा हेतू सांगितला जातो; शेतकऱ्याचे हित त्यात कितपत होते, हा वेगळा प्रश्न. रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याच्या हत्ता पद्धतीऐवजी उघड लिलाव आणण्यावर पुढील कायद्यांचा भर राहिला. महाराष्ट्राचा कायदा 1963 चा. जुलै 2016 मध्ये फळे-भाजीपाल्याची आडत (मध्यस्थाची दलाली) शेतकऱ्याऐवजी खरेदीदारावर टाकण्यात आली.

केंद्राचे बाजारभावांचे संकेतस्थळ अ‍ॅगमार्कनेट 2000 मध्ये व ऑनलाइन लिलावाचा मंच ई-नाम 14 एप्रिल 2016 रोजी सुरू झाला.

भाव कळल्याने भाव वाढतो का, यावर एकमत नाही. केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यानंतर बंदराबंदरांतील मासळीच्या दरांतली तफावत घटल्याचे रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवले (2007). महाराष्ट्रातील 100 गावांत मोबाइल संदेशसेवेची चाचणी घेणाऱ्या फाफशां व मिंटेन यांना (2012) शेतकऱ्याला मिळालेल्या दरात लक्षणीय फरक आढळला नाही. अपराजिता गोयल यांच्या मध्य प्रदेशातील सोयाबीनच्या अभ्यासात (2010) दर किंचित वाढले, पण तेथे माहितीच्या केंद्रांबरोबर खरेदीची पर्यायी केंद्रेही होती. हे निष्कर्ष परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. मच्छीमार होडी दुसऱ्या बंदराला वळवू शकतो. ट्रॉली भरून समितीत आलेल्याला, त्यातही आडत्याची उचल घेतलेल्याला, ती मोकळीक क्वचितच असते.

व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हिशोबपट्टीची छायाचित्रे फिरतात. आडत, हमाली, तोलाई वजा जाता हातात काय पडले, हे त्यांतून दिसते; सरकारी तक्त्यात ते नसते. 2020 च्या टाळेबंदीत याच गटांवरून द्राक्षे व कलिंगडे थेट शहरी सोसायट्यांत विकली गेली.