शिडीवरची गाडी की अखंड सांगाड्याची? ह्युंदाईच्या पिकअपच्या बातम्या वाचण्याआधी

ह्युंदाई दणकट ऑफ-रोड एसयूव्ही आणणार, पिकअपही आणणार, याची चर्चा बरेच दिवस चालली आहे. या चर्चेत एक गफलत इतकी सर्रास होते की ती सोडवल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही. ‘दणकट’ हा एकच शब्द दोन वेगळ्या जातींच्या गाड्यांना लावला जातो. एक लॅडर फ्रेमवर, म्हणजे वेगळ्या पोलादी शिडीवर, उभी असते, दुसरी मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा असलेली, असते. समोरून दोघी सारख्याच दिसतात: उंच, चौकोनी, चाकांभोवती जाड काळं प्लास्टिक, टपावर कॅरिअर. गुडघे टेकून खाली वाकून बघितलं की मग फरक दिसतो.

आधी पक्की माहिती घेऊ. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यूयॉर्कला गुंतवणूकदारांसमोर कंपनीने सांगितलं की उत्तर अमेरिकेसाठी मध्यम आकाराचा पिकअप २०३० च्या आत येईल आणि तो लॅडर फ्रेमवर असेल. त्यानंतर दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, लॉस एंजेलिसच्या ऑटो शोमध्ये ‘क्रेटर’ नावाची ऑफ-रोड एसयूव्ही कॉन्सेप्ट, म्हणजे विक्रीची नव्हे तर कल्पना दाखवणारी गाडी, म्हणून मांडली गेली. १८ इंची चाकं, त्यांवर ३३ इंची टायर, बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं असा अवतार. या दोन बातम्या लागोपाठ आल्या आणि लोकांनी त्यांची सरळ गाठ मारली: पिकअप आणि एसयूव्ही, दोन्ही एकाच फ्रेमवर, सख्खी भावंडं. त्यात कुणीतरी म्हणतंच, ‘ह्युंदाईचा पिकअप तर आधीपासून आहे की, सांता क्रूझ!’ म्हणजे गोंधळ तिहेरी झाला.

लॅडर फ्रेम म्हणजे नावाप्रमाणे शिडीच. पोलादाचे दोन लांब दांडे पुढच्या बंपरपासून मागच्या बंपरपर्यंत जातात आणि अधूनमधून आडव्या पट्ट्या त्यांना जोडतात. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, ट्रेलर ओढायचा मागचा हूक, सगळं या शिडीला अडकवलेलं असतं. माणसं बसतात ती बॉडी वेगळी तयार होते आणि जाड रबरी बुशांवर ठेवून बोल्टने आवळली जाते. बॉडी उतरवून ठेवली तरी खालचा सांगाडा आपल्या चाकांवर उभा राहतो. ट्रक आणि बस याच पद्धतीने बनत आल्या आहेत.

मोनोकॉकमध्ये अशी वेगळी शिडी नसते. फरशी, खांब, छप्पर, बाजूचे पत्रे, सगळं एकमेकांना वेल्ड केलेलं असतं आणि भार सगळे मिळून पेलतात. काडेपेटी हातात घेऊन बघा. आतला खण बाहेर काढला की बाहेरचं वेष्टण दोन बोटांत चपटं होतं. खण आत सरकवला की तेच वेष्टण दाबलं तरी हलत नाही. पुठ्ठा तोच, पण आता सगळ्या बाजू एकमेकींना धरून असतात. मोनोकॉकचा जोर असाच बंदिस्तपणात असतो. म्हणून त्यात मोठी भोकं पाडायची तर इंजिनिअरला विचार करावा लागतो आणि छप्पर काढून टाकणं तर फारच अवघड होऊन बसतं.

पिकअपमध्ये हा फरक डोळ्यांना दिसू शकतो. लॅडर फ्रेमच्या पिकअपला केबिन आणि मागचा हौदा यांच्यामध्ये बोटभर फट असते. ती शोभेची नसते. एक चाक मोठ्या दगडावर चढलं आणि तिरप्या दिशेचं दुसरं चाक खड्ड्यात गेलं की शिडी किंचित पिळवटते. त्या वेळी केबिन एकीकडे झुकते, हौदा दुसरीकडे. मध्ये फट नसती तर पत्र्यावर पत्रा घासला असता. सांता क्रूझच्या बाजूला उभं राहून ही फट शोधलीत तर सापडणार नाही. केबिनचा मागचा खांब उतरत सरळ हौद्याच्या भिंतीत मिसळतो, कारण ते एकच अंग आहे. २०२१ मध्ये आलेली ही गाडी ह्युंदाईच्याच टक्सन एसयूव्हीच्या जातकुळीची आहे, म्हणजे मोनोकॉक. तिला पिकअप म्हणणं चूक नाही. मागे हौदा आहे, सामान जातं. पण जाहीर झालेला नवा पिकअप तिची पुढची पिढी आहे असं समजणं चूक आहे.

फटीवर डोळे झाकून विश्वासही ठेवू नका. होंडा रिजलाइन हा मोनोकॉक पिकअप. त्याच्या पहिल्या पिढीत केबिन आणि हौदा एकसंध दिसायचे. २०१६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत मात्र दोघांमध्ये उभी रेघ आली, खऱ्या ट्रकसारखी. आतला सांगाडा मोनोकॉकच राहिला. म्हणून फट दिसली तरी मागच्या बाजूने खाली वाकायचं. दोन जाड दांडे समांतर पुढे जाताना दिसले तर ती शिडी. सपाट फरशी आणि तिच्यातच दाबून काढलेल्या पन्हाळी दिसल्या तर मोनोकॉक.

नावाने होणारी फसगत याहून मोठी. फोर्डने १३ जुलै २०२० रोजी दोन गाड्या एकत्र दाखवल्या: ब्रॉन्को आणि ब्रॉन्को स्पोर्ट. ब्रॉन्कोची शिडी रेंजर पिकअपच्या कुळातली. ब्रॉन्को स्पोर्ट मात्र एस्केप या शहरी एसयूव्हीच्या सांगाड्यावर. म्हणूनच ब्रॉन्कोचे दरवाजे आणि छप्पर घरच्या घरी काढून ठेवता येतात. भार शिडी पेलते, तेव्हा दरवाजा नसला तरी गाडीचं काही अडत नाही. स्पोर्टमध्ये छप्पर हाच सांगाड्याचा भाग आहे, ते कसं काढणार? नाव एक, घोड्याचं चिन्ह एक, आणि खालच्या रचनेत काडीचंही साम्य नाही. ह्युंदाईच्या बाबतीत उद्या असंच होऊ शकतं, कारण आजही ‘एक्सआरटी’ हे नाव साध्या मोनोकॉक गाड्यांच्या रांगड्या आवृत्त्यांना लावलं जातं. वेगळे टायर, वेगळा बंपर, कधी थोडी जास्त उंची, पण सांगाडा तोच.

मग शिडी म्हणजे अस्सल आणि मोनोकॉक म्हणजे नकली, असं समजायचं का? इथे माझा जोरदार विरोध आहे. लँड रोव्हर डिफेंडर पिढ्यानपिढ्या शिडीवर होती. जुन्या डिफेंडरचं उत्पादन जानेवारी २०१६ मध्ये थांबलं आणि नवी आली ती ॲल्युमिनिअमच्या मोनोकॉकवर. पुष्कळांनी तेव्हा कपाळाला हात लावला. पण ही नवी गाडी ९०० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते आणि ३,५०० किलो ओढते. जीपची १९८४ ची चेरोकीसुद्धा शिडीवर नव्हती, तरी तिने ऑफ-रोडवाल्यांच्या मनात आजतागायत घर केलं आहे. मोनोकॉक पुरेसा मजबूत बांधता येतो. त्यासाठी पैसा आणि डोकं जास्त लागतं, आणि शहरी गाडीचा तयार सांगाडा उचलून तेवढं काम होत नाही, एवढंच.

शिडीचे फायदे खरे कुठे आहेत? जड ट्रेलर ओढताना ताण थेट त्या दोन दांड्यांवर येतो, बॉडीला त्याची झळ कमी बसते. एकाच शिडीवर कधी छोटी केबिन आणि लांब हौदा, कधी मोठी केबिन, कधी नुसती मोकळी चासी आणि त्यावर गिऱ्हाइकाला हवी ती पेटी, असं काहीही बसवता येतं. ह्युंदाईच्याच समूहात याचं ताजं उदाहरण आहे. किआने ऑक्टोबर २०२४ मध्ये टास्मान नावाचा लॅडर फ्रेमचा पिकअप आणला. तो ३,५०० किलोपर्यंत ओढतो. सांता क्रूझची मर्यादा, तीही टर्बो इंजिन असताना, साधारण २,२७० किलो. घर एक, कामं दोन. मोबदल्यात शिडीची गाडी जड होते, आत चढायला पाय जास्त उचलावा लागतो, तेल जास्त पिते, आणि खडबडीत डांबरी रस्त्यावर एक बारीक थरथर जाणवते जी मोनोकॉकमध्ये सहसा नसते. रोज शहरात फिरायचं आणि महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्याला लागायचं, अशा माणसाने केवळ रुबाबासाठी शिडी मागू नये.

आणखी एक गोष्ट यात उगाच मिसळली जाते: फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर. लॅडर फ्रेम म्हणजे फोर बाय फोर नव्हे. कितीतरी पिकअपमध्ये हा जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. उलट, मोनोकॉक गाडीच्या चारही चाकांना जोर मिळत असला तरी तिच्यात बहुधा लो रेंज नसते. लो रेंज म्हणजे ट्रान्सफर केसमधली (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतली) ती जास्तीची गिअरजोडी, जिच्यामुळे गाडी चालत्या माणसाच्या वेगाने दगडांवरून चढते आणि ब्रेक न लावता उतारावर सावकाश उतरते. चिखलात तुम्हाला बाहेर काढतं ते हे लो रेंज, डावं-उजवं चाक एकाच वेगाने फिरायला लावणारं डिफरेन्शियल लॉक आणि टायर. फ्रेम नव्हे. डिफेंडरमध्ये मोनोकॉक असूनही लो रेंज आहे. त्यामुळे सांगाडा कुठला आणि लो रेंज आहे का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत.

आता पुन्हा ह्युंदाईकडे. पिकअपच्या मागोमाग एसयूव्ही येणार ही अटकळ हवेतली नाही. शिडी तयार करायला खर्च मोठा असतो, म्हणून एकदा बनली की तिच्यावर दोन-तीन गाड्या काढायच्या हा या धंद्याचा जुना हिशेब आहे. टोयोटाच्या हायलक्स पिकअपच्या कुळातून फॉर्च्युनर आली, रेंजरच्या कुळातून ब्रॉन्को. फोक्सवॅगनच्या स्काउट मोटर्सने तर ऑक्टोबर २०२४ मध्ये टेरा हा पिकअप आणि ट्रॅव्हलर ही एसयूव्ही, दोन्ही लॅडर फ्रेमवर, एकाच वेळी दाखवल्या. तेव्हा ह्युंदाईच्या पिकअपच्या शिडीवर एक एसयूव्ही येईल असं मलाही वाटतं. पण ती एसयूव्ही म्हणजेच क्रेटर, ही उडी मी मारणार नाही. पिकअप मध्यम आकाराचा आहे, क्रेटरला कंपनी स्वतःच कॉम्पॅक्ट म्हणते. आकारच जुळत नाही. क्रेटरचे टायर आणि बंपर बघून तिच्या पोटातली शिडी ओळखता येत नाही, आणि कॉन्सेप्टवरचे असे टायर विक्रीच्या गाडीपर्यंत क्वचितच टिकतात.

जनरल मोटर्सबरोबरचा करारही याच कढईत ढवळला जातो. ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही कंपन्यांनी मिळून पाच गाड्या विकसित करायचं जाहीर केलं. त्यातल्या चार मध्य आणि दक्षिण अमेरिकेसाठी आहेत आणि त्यांत मध्यम आकाराचा पिकअपही आहे, ज्याचा प्लॅटफॉर्म जनरल मोटर्स करणार. उत्तर अमेरिकेसाठी त्या यादीत आहे ती एक इलेक्ट्रिक व्यापारी व्हॅन. त्या पिकअपचा फोटो दाखवून कुणी ‘हाच अमेरिकेतला नवा ह्युंदाई पिकअप’ म्हणत असेल तर बाजारपेठ कुठली ते आधी बघा.

या सगळ्यात ह्युंदाईला शिडी नवी आहे असं सांगितलं जातं, तेही बरोबर नाही. १९९१ ची गॅलोपर एसयूव्ही, जी मूळ मित्सुबिशी पजेरोवरून घेतली होती, शिडीवरच होती. २००१ मध्ये आलेली टेराकॅनही तशीच. त्याच सुमारास, २००० मध्ये, सांता फे मोनोकॉक म्हणून आली आणि कंपनीच्या एसयूव्ही हळूहळू त्याच वाटेने गेल्या. किआची सोरेंटो पहिल्या पिढीत शिडीवर होती, २००९ च्या दुसऱ्या पिढीत तिने शिडी सोडली. लॅडर फ्रेमचा पिकअप ही ह्युंदाईची अमेरिकेतली पहिलीच खेळी असेल हे खरं, पण घरात ही विद्या होती.

त्या पिकअपचे काळ्या-पांढऱ्या नक्षीत गुंडाळलेले पहिले फोटो येतील तेव्हा सगळे समोरचे दिवे न्याहाळतील. मी आधी मागचा हूक कशाला जोडलाय ते बघेन, मग केबिन आणि हौद्यामधली ती बोटभर जागा.