एआयने लिहिलेल्या तांत्रिक दस्तऐवजांना संदर्भ जोडून घेण्याआधी

एआयकडून लिहून घेतलेली मॅन्युअल, एपीआयची (दोन प्रोग्राम एकमेकांशी ज्या ठरलेल्या मार्गाने बोलतात त्याची) कागदपत्रे, इन्स्टॉलेशन गाइड आमच्याकडे संदर्भ जोडण्यासाठी येतात, तेव्हा सोबत एक प्रश्न हमखास येतो: "मजकूर तर तयार आहे, नुसते संदर्भ टाकायचे आहेत, मग इतके दिवस कशाला?" या प्रश्नाचे सविस्तर उत्तर ग्राहकांच्या हाती असावे, म्हणून हे पत्रक.

सर्वाधिक वेळ जातो तो एकाच सवयीमुळे. मसुदा पूर्ण झाला की त्याच चॅटमध्ये "आता याला संदर्भ जोड" असे सांगितले जाते आणि तो मसुदा आमच्याकडे येतो. दिसायला तो नीटनेटका असतो, पण प्रत्येक वाक्याचा शोध आम्हाला पहिल्यापासून घ्यावा लागतो. आपण लिहिलेले वाक्य कोणत्या पानावरून आले याची नोंद एआय मॉडेलकडे नसते. संदर्भ मागितला की संदर्भासारखा दिसणारा मजकूर ते तयार करते. इंटरनेटवर शोधण्याची सोय चालू असेल तर लिंक खरी मिळते, पण ती आधीच लिहिलेल्या वाक्याला शोभेल अशी निवडलेली असते. मुळात ते वाक्य त्या पानावरून आलेलेच नसते.

मोडकी लिंक आम्हाला लगेच सापडते. त्रास देते ती नीट उघडणारी लिंक. समजा, मसुद्यात लिहिले आहे की पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये नवा पासवर्ड डीफॉल्टने (म्हणजे वेगळे काही निवडले नाही तर) एमडी५ नावाच्या पद्धतीने साठवला जातो, आणि खाली अधिकृत दस्तऐवजाच्या 'चालू आवृत्ती'ची लिंक आहे. साइट अधिकृत, विषय तोच, लिंक तपासणाऱ्या साधनाने हिरवी खूणही दिली. पण ते विधान आवृत्ती १३ पर्यंतच खरे होते. २०२१ मध्ये आलेल्या आवृत्ती १४ पासून डीफॉल्ट स्क्रॅम-शा-२५६ ही दुसरी पद्धत आहे. म्हणजे संदर्भाचे पान वाक्याच्या नेमके उलट सांगते. आता चूक वाक्यात आहे की लिंकमध्ये? तुमच्याकडे आवृत्ती १३ चालत असेल तर वाक्य बरोबर आणि लिंक चुकीची. मसुदा कितीही वेळा वाचला तरी हे कळत नाही. म्हणून कामाच्या सुरुवातीलाच आम्ही आवृत्त्यांची यादी मागतो. काहींना ती उगाच केलेली चौकशी वाटते, पण तिच्याशिवाय एकही ओळ खात्रीने पुढे सरकत नाही.

मानकांच्या बाबतीतही असेच होते. एचटीटीपीसाठी, म्हणजे वेबपाने मागण्या-पाठवण्याच्या नियमांसाठी, मॉडेल अजूनही आरएफसी २६१६ चा हवाला देतात (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), कारण १९९९ पासून असंख्य ठिकाणी तोच क्रमांक लिहिला गेला आहे. २०१४ मध्ये त्याची जागा ७२३० ते ७२३५ या सहा आरएफसींनी घेतली आणि २०२२ मध्ये ९११० आणि त्याच्या सोबतचे आरएफसी आले. एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा मजकूर बदलत नाही, त्यामुळे जुना क्रमांक आजही बिनतक्रार उघडतो. तो रद्द झाल्याची नोंद त्याच्या माहितीच्या पानावर असते आणि ती माणसाने जाऊन पाहावी लागते.

प्रत्येक वाक्याला संदर्भ हवा असे आम्ही म्हणत नाही. "सेव्ह बटण दाबा" ही पायरी प्रत्यक्ष करून पाहिली की पुरे. आकडे, मर्यादा, डीफॉल्ट, कोणती आवृत्ती कशासोबत चालते, सुरक्षेच्या सूचना आणि "केलेच पाहिजे" अशी विधाने मात्र आम्ही संदर्भाशिवाय सोडत नाही. स्रोताचे नाव, आवृत्ती, विभाग आणि पाहिल्याची तारीख अशी नोंद ठेवतो. कोडचा संदर्भ द्यायचा तर मुख्य शाखेची (कोडच्या सतत बदलत्या प्रतीची) लिंक न देता ठरावीक कमिटची (नोंदवून ठेवलेल्या एका टप्प्याची) देतो, कारण शाखेत नवे बदल आले की ओळींचे क्रमांक सरकतात.

ज्या विधानाला स्रोत सापडत नाही ते आम्ही काढतो किंवा पिवळे करून परत पाठवतो. यावर "वाक्य बरोबर आहे, आम्हाला माहीत आहे" असे उत्तर येते. ते खरेही असू शकते. मग तुमचा अभियंता हाच स्रोत: त्याचे पद, त्याने कशावर तपासले आणि कोणत्या तारखेला, एवढे लिहून द्या. असा संदर्भ आम्ही आनंदाने लावतो, आणि पुष्कळदा तोच सर्वांत भक्कम असतो.

काम पाठवताना मॉडेलला दिलेल्या मूळ फाइल, वापरलेल्या आवृत्त्या आणि संपूर्ण चॅट सोबत द्या. चॅट पुसून टाकू नका. कोणते वाक्य तुमच्या फाइलमधून आले आणि कोणते मॉडेलने स्वतःहून घातले, हे त्यावरून बऱ्याच अंशी उलगडते.

मसुदा लिहून घेण्याआधीच आमच्याशी बोललात तर त्याहून चांगले. आम्ही तुमच्या स्रोतांचा संच लावून प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक देतो. मॉडेलला सूचना अशी देतो की लिहायचे ते या संचातूनच, प्रत्येक विधानापुढे क्रमांक टाकायचा आणि आधार नसेल तिथे "स्रोत नाही" असे लिहायचे. तरीही मॉडेल चुकीचा क्रमांक टाकू शकते, त्यामुळे आमचा माणूस प्रत्येक जोडी वाचतोच. पण शोध मग त्या संचापुरताच राहतो आणि काम कितीतरी लवकर हातावेगळे होते. संदर्भांचा तक्ता आम्ही तुमच्याकडेच सोपवतो. पुढे आवृत्ती बदलली की कोणती विधाने पुन्हा तपासायची ते त्यात दिसते, मग ती तपासणी तुम्ही करा किंवा आमच्याकडे द्या.

मसुदा आधीच तयार असेल तरी जरूर पाठवा. त्यात एआयने टाकलेले संदर्भ मात्र काढू नका, वेगळ्या रंगात ठेवा. त्यातले काही खरे निघतात आणि शोधाला तिथून सुरुवात करता येते.