दोन हात डबक्यात १२८ मीटरचा मनोरा

वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ साली खुला झाला, तेव्हापासून त्याचे फोटो बहुतेक एकाच उंचीवरून निघतात: उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या. सेतूवर थांबता येत नाही, पायी जायलाही बंदी आहे, त्यामुळे फोटो काढायचा तो किनाऱ्यावरूनच. पण ओहोटीला वांद्र्याच्या खडकांत साचलेली डबकी सेतूचं एक वेगळंच रूप दाखवतात, आणि त्यासाठी महागडी लेन्स लागत नाही.

उभं राहून डबक्यात पाहिलं तर नुसतं आकाश दिसतं. असं का? समजा, सेतूच्या सुमारे १२८ मीटर उंच मनोऱ्यापासून तुम्ही ७०० मीटरवर आहात. त्याचं टोक क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर दिसतं. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश जितक्या कोनात येतो तितक्याच कोनात जातो. म्हणून डोळे पाण्यापासून दीड मीटर वर असतील, तर टोकाचं प्रतिबिंब तुमच्यापुढे आठ मीटरवर पडायला हवं, आणि तिथे खडक असतो. लेन्स पाण्यापासून ३ सेंटिमीटरवर आणा. आता तेच टोक १६ सेंटिमीटरवर येतं, आणि मीटरभर, म्हणजे दोन हात लांबीच्या डबक्यात मनोऱ्याचा वरचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग मावतो.

फोन उलटा धरा, म्हणजे कॅमेरा खाली येतो. फोकस पाण्यावर लावू नका, थेट मनोऱ्यावर लावा. प्रतिबिंबही फोकसच्या दृष्टीने मनोऱ्याइतकंच दूर असतं. स्क्रीनवर पाण्याच्या जागी बोट टेकवलं की शेवाळ स्पष्ट येतं आणि सेतू धूसर. इतक्या तिरप्या कोनात पाणी सुमारे ३५ टक्के प्रकाश परत पाठवतं, सरळ खाली पाहिलं तर जेमतेम २ टक्के. तरीही प्रतिबिंब खऱ्या मनोऱ्यापेक्षा दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) काळोखं राहतं, तेव्हा एक्सपोजर आकाशावर बेतून सावल्या नंतर उजळाव्यात. पोलरायझर, म्हणजे चकाकी कमी करणारा फिल्टर, लावला असेल तर काढा. तो नेमकं प्रतिबिंबच मंद करू शकतो. वाऱ्याने पाणी हललं तर केबलींच्या रेघा तुटतात, म्हणून खडकाच्या आडोशाचं डबकं निवडावं.

वेळ साधणं सर्वांत महत्त्वाचं. दर्यावर्दी लोकांचा ढोबळ हिशोब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी संध्याकाळी सव्वापाचच्या पुढे. थंडीत सूर्यास्तही सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे तिरपं ऊन आणि उघडे खडक एकाच वेळी मिळतात. नेमकी वेळ मात्र भरतीच्या तक्त्यातच पाहावी, कारण उधाणाला परतीची वाट लवकर बुडते. सहा तासांच्या भरतीतलं निम्मं पाणी मधल्या दोन तासांत चढतं. भरती सुरू झाली की सामान आवरा.

ओल्या शेवाळावर पाय घसरतो, रबरी तळव्याचे बूट घाला. घरी आल्यावर लेन्स कोरड्या कापडाने पुसू नका. मिठाचे कण काचेवर चरे पाडतात. आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड हलक्या हाताने फिरवा, मग कोरडं.