ऊन, उटणे आणि मलमाची ट्यूब: खान्देशातील त्वचानिगेची पार्श्वभूमी

खान्देशात त्वचेच्या निगेची गोष्ट उन्हापासूनच सुरू करावी लागते. भुसावळ, जळगाव, रावेर या तापीकाठच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, हवा कोरडी असते, आणि वैशाखाच्या याच दिवसांत आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, सण येतो. सासरहून आलेल्या लेकींना आमची आजी न्हाऊ-माखू घालत असे, तेव्हा तिचा क्रम ठरलेला असे: आधी कोमट तिळाचे तेल, मग हरभऱ्याच्या डाळीचे पीठ आणि चिमूटभर हळद, आणि सर्वांत शेवटी पाणी. तेल मुरलेल्या दंडावर पीठ चोळले की त्याच्या मळकट पिवळ्या वळ्या पडत आणि त्यांच्याबरोबर मळ निघून येई. पीठ वरचे जास्तीचे तेल टिपून घेते, पण त्वचेचा सगळा ओशटपणा ओढून नेत नाही. कोरड्या हवेत राहणाऱ्यांना तो मागे उरलेला ओशटपणाच हवा असतो. आयुर्वेदाच्या दिनचर्येतही आधी अभ्यंग आणि मग उद्वर्तन, म्हणजे चूर्ण चोळणे, असाच क्रम आहे. आज स्वच्छतेच्या नावाखाली होणाऱ्या अनेक चुकांचे मूळ हा क्रम मोडण्यात आहे, असे माझे मत आहे.

तो पहिल्यांदा मोडला साबणाने. म्हैसूर संस्थानाचा साबण कारखाना १९१६ चा. पुढे साबण घरोघरी पोचला आणि बऱ्याच घरांत अंगाला व कपड्यांना एकच वडी वापरली जाऊ लागली. आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण ५ च्या आसपास असतो, तर नेहमीच्या साबणाचा ९ ते १०, म्हणजे अल्कधर्मी, असतो. त्यात बोअरचे पाणी जड असेल, तर साबणाला फेस येत नाही आणि त्याचा चिकट साका अंगावरच राहतो. चेहरा ओढल्यासारखा झाला की तो स्वच्छ झाला, असा समज रुजला तो येथूनच. खरे तर ती ओढ म्हणजे त्वचेचे रक्षण करणारा स्निग्ध थर धुऊन गेल्याची खूण असते, आणि दिवसातून चार वेळा तोंड धुणारी मुले-मुली तीच खूण पुन:पुन्हा ओढवून घेतात.

लिंबाचेही असेच झाले. उटण्यात पडणारे दोन थेंब बाजूला राहिले आणि लिंबाची फोड थेट गालावर फिरू लागली. लिंबाच्या रसातील काही द्रव्ये उन्हाशी संयोग झाला की त्वचा भाजतात आणि मागे महिनोन् महिने काळे डाग ठेवतात. आपल्याकडच्या उन्हात हा उपाय कोणीही करू नये.

गोरेपणाचा ध्यास मात्र क्रीमने आणलेला नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सोयरीक जुळवताना मुलीचा रंग पूर्वीही पाहिला जात होता. बाजाराने त्या ध्यासाला डबी दिली. मुंबईत ई. एस. पाटणवाला यांनी १९१९ मध्ये ‘अफगाण स्नो’ हे चेहऱ्याचे क्रीम आणले, आणि १९७५ मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली, जिच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द निघायला २०२० साल उजाडावे लागले. योगायोग असा की, त्याच १९७५ मध्ये अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या त्वचारोगतज्ज्ञांनी डाग फिके करणारे एक मिश्रण प्रसिद्ध केले. त्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड अशी तीन औषधे होती. अशा तिहेरी मिश्रणांचा उपयोग वांगासारख्या, म्हणजे चेहऱ्यावर काळसर चट्टे आणणाऱ्या, विकारावर, डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि ठरावीक काळापुरताच करायचा असतो. आपल्याकडे मात्र तशीच मिश्रणे रोज लावायची क्रीम म्हणून मेडिकलमधून घरात शिरली.

माझ्या नात्यातील एका मुलीच्या लग्नाआधी अशीच एक ट्यूब घरात आली. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही. खालून गुंडाळत आणलेल्या त्या ट्यूबच्या मागे तिन्ही औषधांची नावे इतक्या बारीक अक्षरांत होती की ती वाचायला मला चष्मा पुसून घ्यावा लागला. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरोखर उजळला, आणि फसगत होते ती इथेच. पुढे गालांवर लाली, पुरळ आणि बारीक लव आली. क्रीम थांबवली की आग होई, म्हणून ती पुन्हा लावली जाई. स्टेरॉइडने त्वचा पातळ होते आणि त्याची सवय सोडवणे हेच एक वेगळे दुखणे होऊन बसते. सरकारने २०१८ मध्ये अशी १४ स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियम केला. तरीही ‘ती गुलाबी ट्यूब द्या’ एवढे म्हटले की ट्यूब मिळते. मला याचा अतिशय राग येतो. ज्यांच्या चेहऱ्याची अशी अवस्था झाली आहे, त्यांनी क्रीम एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे.

कपाळाची हकिकत याहून लहान आहे, पण ती सांगायलाच हवी. पूर्वी मेण लावून त्यावर हळदीपासून केलेले कुंकू रेखत. त्याची जागा टिकलीने घेतली. काही टिकल्यांच्या डिंकात पॅरा-टर्शरी ब्युटिल फिनॉल हे रसायन असते आणि त्याने नेमकी टिकलीएवढी त्वचा पांढरी पडू शकते. अनेकींना तो कोडाचा डाग वाटतो आणि त्या तो लपवण्यासाठी आणखी मोठी टिकली लावतात. कपाळाला खाज सुटली की टिकली काही दिवस बंद ठेवणे, हा पहिला उपाय आहे.

उन्हापासून बचाव करण्याची रीत मात्र आपल्याकडे जुनी आणि चांगली आहे. कापूस वेचायला जाणारी बाई लुगड्यावर नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवते आणि डोक्याला रुमाल गुंडाळते. स्कूटीवरच्या मुलींचा स्कार्फ हे त्याचेच नवे रूप आहे. घट्ट विणीचे सुती कापड ऊन चांगले अडवते. सनस्क्रीन त्याच्या जोडीला हवे, त्याच्याऐवजी नव्हे. एसपीएफ (ऊन अडवण्याची क्षमता सांगणारा आकडा) ३० चे सनस्क्रीन त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, पण ते पुरेशा जाडीने लावले आणि दर दोन तासांनी पुन्हा लावले तरच. करंगळीच्या टोकाएवढे क्रीम सगळ्या चेहऱ्याला पुरवले तर निम्माही फायदा मिळत नाही. रुमाल कितीही घट्ट बांधला तरी नाकाचा दांडा आणि गालाची उंच हाडे उघडीच राहतात, आणि शेतात राबणाऱ्या बायकांना वांग बहुतेक वेळा तिथेच येतो.