तानपुरा मधेच का तुटतो?

माझ्याकडे एका मैफिलीची सीडी आहे. पहिल्या ट्रॅकवर विलंबित ख्याल, दुसऱ्यावर त्याच रागातली द्रुत बंदिश. सीडी लावली की विलंबित संपतो, चार टाळ्या पडतात आणि तानपुरा तसाच वाजत असताना द्रुत सुरू होते. हीच सीडी एमपीथ्री करून एका स्वस्त प्लेअरवर टाकली, तर नेमक्या त्या सांध्यावर तानपुरा गप्प होतो. क्षणभरच. पण एकदा कानाला लागलं की दर वेळी तिथेच ठेच लागते.

प्लेअर बिघडलेला नव्हता. एमपीथ्री आवाजाचे ठरलेल्या मापाचे तुकडे पाडते. एका तुकड्यात ११५२ नमुने (नमुना म्हणजे एका क्षणी घेतलेलं आवाजाचं माप), म्हणजे सीडीच्या वेगाने साधारण २६ मिलिसेकंद. गाणं त्या मापात कधीच चपखल बसत नाही, म्हणून त्याच्या पुढे-मागे थोडी शांतता भरली जाते. चार मिनिटांच्या सुट्या गाण्याला त्याने काही फरक पडत नाही. तासभर अखंड चाललेल्या रागाला पडतो. आवाज दाबून लहान करण्याची ही एमपीथ्रीची युक्ती मुळात जन्मली ती टेलिफोनच्या तारेसाठी.

जर्मनीतल्या एर्लांगेन विद्यापीठातले प्राध्यापक डिटर झाइट्झर यांच्या डोक्यात होतं की फोनच्या तारेवरून संगीत पाठवता यावं. त्या वेळी येऊ घातलेल्या आयएसडीएन या डिजिटल फोनजोडणीत ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या असत, दोन्ही मिळून सेकंदाला १२८. त्यांनी पेटंट मागितलं, तर ते तपासणाऱ्या अधिकाऱ्याने हे अशक्य म्हणून फेटाळलं. झाइट्झरांनी मग ते ‘अशक्य’ काम पीएचडी करायला आलेल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांच्याकडे सोपवलं. पुढे फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेच्या चमूने ते तडीला नेलं.

अशक्य का, हे आकड्यांतच दिसतं. १९८२ साली बाजारात आलेली सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. हा आकडाही कुणा संगीतकाराने ठरवलेला नाही. सुरुवातीला डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत. टेपच्या एका ओळीत ३ नमुने, एका फील्डमध्ये (म्हणजे व्हिडिओच्या अर्ध्या चित्रात) २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहा. प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि डावा-उजवा असे दोन आवाज, म्हणजे सेकंदाला १४,११,२०० बिट. ते १२८ किलोबिटमध्ये कोंबायचे म्हणजे अकरा भागांतले दहा फेकून द्यायचे आणि ऐकणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

फेकायचं काय, हे कानाच्या उणिवेवरून ठरलं. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोलाच्या ठोक्याबरोबर शेजारचा काय पुटपुटला ते कळत नाही. मोठा आवाज जवळच्या बारीक आवाजाला झाकतो. मग झाकलं गेलेलं साठवायचं कशाला? भरगच्च वाद्यवृंदात ही चलाखी सहज पचते. पण ब्रांडेनबुर्ग यांनी सुझॅन वेगा यांचं ‘टॉम्स डायनर’ लावून पाहिलं आणि आवाजाची पार वाट लागली. त्या गाण्यात एकही वाद्य नाही, नुसता एका बाईचा गळा. कसर लपवायला आडोसाच नाही. मग तेच गाणं पुन्हा पुन्हा लावून सुधारणा करत बसले. दुसरी अडचण तीव्र ठोक्यांची. ठोका पडण्याआधीच त्याची खरखर ऐकू येऊ लागते. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी बिट दिले की, तबल्याची चाट बोथट वाटते ती यामुळे.

१९९२ साली हे तंत्र एमपेग या चित्र-आवाजाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा तिसरा स्तर म्हणून ठरलं. ‘एमपीथ्री’ हे फाइलचं शेपूट मात्र १४ जुलै १९९५ ला संस्थेतल्या लोकांनी आपसात मत घेऊन पक्कं केलं.

खिशात मावणारे प्लेअर १९९८ मध्ये आले. आधी कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन, मग अमेरिकेत डायमंड कंपनीचा रिओ. रिओची किंमत २०० डॉलर, जागा ३२ एमबी. १२८ किलोबिटला एका मिनिटाला जवळपास एक एमबी लागते, म्हणजे जेमतेम अर्धा तास. सात-आठ भावगीतं आरामात. बडा ख्याल मात्र अंतरा संपायच्या आत मेमरी संपवणार! एवढ्याशा डबीला ध्वनिमुद्रण कंपन्या इतक्या घाबरल्या की त्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. जून १९९९ मध्ये अपील कोर्टाचा निकाल रिओच्या बाजूने लागला. हे यंत्र संगणकावरच्या फाइली उतरवून घेतं, अमेरिकेच्या घरगुती ध्वनिमुद्रण कायद्याच्या व्याख्येतलं ध्वनिमुद्रण यंत्र हे नव्हे, असं कोर्ट म्हणालं. तो निकाल उलटा लागता तर पुढचा आयपॉड कितपत सुखाने जन्मला असता, शंकाच आहे.

आयपॉड आला २३ ऑक्टोबर २००१ ला. तोशिबाची १.८ इंची हार्डडिस्क, ५ जीबी, हजार गाणी, ३९९ डॉलर. जागेची टंचाई एका झटक्यात सरली आणि तिच्या जागी कुलूप आलं. २००३ पासून ॲपलच्या दुकानात ९९ सेंटला गाणं मिळू लागलं, पण ते एएसी या एमपीथ्रीसारख्याच दुसऱ्या फॉरमॅटात आणि कुलूपबंद. दुसऱ्या कंपनीच्या प्लेअरवर वाजायचं नाही. मायक्रोसॉफ्टने तर कहर केला. आधी इतर कंपन्यांच्या प्लेअरसाठी एक कुलूप बाजारात आणलं आणि २००६ मध्ये स्वतःचा झून काढला, ज्यावर त्या कुलपातली गाणी चालत नव्हती. ॲपलने गाण्यांवरचं कुलूप २००९ मध्ये काढलं.

पेटंटचा जाच वेगळाच होता. फ्राउनहोफरने १९९८ मध्ये एमपीथ्रीच्या परवान्याचे पैसे मागायला सुरुवात केल्यावर ख्रिस माँटगोमेरी यांनी ऑग व्हॉर्बिस हा मुक्त फॉरमॅट नेटाने हाती घेतला. जॉश कोलसन यांचा फ्लॅक २००१ मध्ये आला. तो काहीच फेकत नाही, कपडे नीट घड्या घालून बॅगेत भरावेत तशी सीडी जवळपास निम्म्या जागेत बसवतो. उलगडलं की नमुना न् नमुना परत.

आपल्याकडे या भानगडी फारशा पोचल्याच नाहीत. आपण एमपीथ्री ओळखली ती फुटपाथवरच्या ‘१५० गाणी’वाल्या सीडीमुळे, आणि नंतर एसटी स्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानांतल्या पाटीमुळे: ‘मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील’. दुकानदार विचारायचा, जुनी का नवी, भक्तिगीतं का लावण्या. बिटरेट कुणी विचारला नाही. २०१७ मध्ये सारेगामाने ५,००० गाणी आधीच भरलेला कारवां आणला आणि घरातल्या ज्येष्ठांचा फॉरमॅटचा प्रश्नच निकालात काढला. त्याच वर्षी एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रमही बंद झाला. पेटंटं संपली होती.

आता फोनमधून हेडफोनचं भोक गायब झाल्यावर पुन्हा स्वतंत्र प्लेअर घ्यावासा वाटणारी मंडळी दिसतात. डब्यावर ‘२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. माणसाचा धडधाकट तरुण कान २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो आणि सीडीसारखे सेकंदाला ४४.१ हजार नमुने घेतले की त्याच्या निम्म्यापर्यंतचे, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज पकडता येतात, तेव्हा त्या आकड्यासाठी मी जादा पैसे मोजणार नाही. मेमरी कार्डाची खाच आहे का, मराठी नावं चौकोन न होता दिसतात का, गाणी सलग वाजतात का, हे दुकानातच तपासीन. प्लेअरवर फ्लॅक भरून ब्लूटूथ हेडफोन लावणाऱ्यांचं मात्र मला नवल वाटतं. साध्या ब्लूटूथवर आवाज पुन्हा दाबूनच जातो.

ती मैफिलीची सीडी मी परत फ्लॅकमध्ये उतरवली. सव्वाचारशे एमबी झाली, म्हणजे चौदा रिओ लागले असते. विलंबित संपला, टाळ्या पडल्या, आणि तानपुरा वाजतच राहिला.