आधी प्रसिद्धी, मग मोजदाद: अमेरिकी कॉलेजांतल्या क्रीडा माहिती कार्यालयाची पार्श्वभूमी

पत्रकारितेची पदवी घेतलेला अमेरिकी पदवीधर वर्तमानपत्राऐवजी एखाद्या कॉलेजच्या क्रीडा माहिती कार्यालयात, म्हणजे तिथल्या संघांची प्रसिद्धी आणि आकडेवारी सांभाळणाऱ्या कचेरीत, रुजू झाला, की पहिल्या हंगामात त्याच्या वाट्याला लिहिण्यापेक्षा मोजण्याचं काम जास्त येतं. मुळात मात्र हा पेशा मोजणाऱ्यांचा नव्हता, गाजावाजा करणाऱ्यांचा होता.

1920 च्या दशकात नोटर डेम विद्यापीठाचे फुटबॉल (हातात चेंडू घेऊन पळण्याचा अमेरिकी प्रकार) प्रशिक्षक नूट रॉकनी वार्ताहरांची सोय बघायला एखादा विद्यार्थीच हाताशी ठेवत. 18 ऑक्टोबर 1924 ला त्यांच्या संघाने आर्मीला, म्हणजे लष्करी अकादमीच्या संघाला, 13-7 असं हरवलं आणि क्रीडा पत्रकार ग्रँटलंड राइस यांनी आपल्या बातमीत नोटर डेमच्या चार खेळाडूंना ‘चार घोडेस्वार’ म्हटलं. जॉर्ज स्ट्रिकलर या विद्यार्थी मदतनिसाने लगेच गावातून चार घोडे मिळवले, चौघांना गणवेशातच त्यांवर बसवलं आणि फोटो काढवून घेतला. देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो छापला. याच विद्यापीठात 1970 साली क्रीडा माहिती अधिकारी रॉजर वाल्डिसेरी यांनी जो थीझमन या क्वार्टरबॅकचं (चाल सुरू करून पास फेकणाऱ्या खेळाडूचं) आडनाव ‘थाइझमन’ असं उच्चारायला लावलं, कारण ते सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला मिळणाऱ्या हाइझमन या मानाच्या करंडकाशी जुळत होतं. करंडक जिम प्लंकेटला गेला, उच्चार मात्र थाइझमनला कायमचा चिकटला.

आकडे आले ते दुसऱ्या वाटेने. 1937 मध्ये होमर कुक यांनी देशभरच्या कॉलेज फुटबॉलची आकडेवारी एका ठिकाणी गोळा करायला सुरुवात केली. ती वेगवेगळ्या कॉलेजांतून यायची, म्हणजे मोजण्याचे नियम सगळीकडे एकच हवेत. नियम ठरले तशी प्रसिद्धीवाल्यांच्या हातात पेन्सिल आली. 1957 मध्ये या मंडळींनी ‘कोसायडा’ ही आपली संघटना काढली. 2022 पासून तिचं नाव ‘कॉलेज स्पोर्ट्स कम्युनिकेटर्स’ आहे.

या नियमांचे परिणाम लांबवर जातात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकला पास फेकण्याआधीच पाडलं, तर गमावलेले यार्ड संघाच्या पासिंगमधून (पास फेकून मिळवलेल्या अंतरातून) वजा होतात. कॉलेजात ते रशिंगमधून (चेंडू घेऊन धावून मिळवलेल्या अंतरातून) जातात. व्यावसायिक सामने बघत वाढलेला नवखा इथे हमखास फसतो. बोल सामन्यांचे, म्हणजे नियमित हंगाम संपल्यावरच्या खास सामन्यांचे, आकडे 2002 पर्यंत हंगामात धरतच नसत. म्हणून बॅरी सँडर्स या खेळाडूच्या 1988 च्या हंगामाची नोंद रशिंगचे 2,628 यार्ड अशी आहे. बोल सामन्यातले 222 धरले तर ती 2,850 होते.

मग शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा 1972 चा ‘टायटल नाइन’ कायदा आला. त्यानंतर महिलांचे संघ वाढत गेले आणि त्यांच्याही नोंदी तितक्याच काटेकोर ठेवाव्या लागल्या. लहान कॉलेजात मात्र कार्यालय दोन-तीन माणसांचंच राहिलं. त्यामुळे फुटबॉल वरिष्ठांकडे आणि व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, जलतरण नव्याकडे, ही वाटणी सर्रास दिसते. मला ती वाईट वाटत नाही, कारण व्हॉलीबॉलमध्ये हात लवकर बसतो. किलमधून, म्हणजे थेट गुण मिळवणाऱ्या फटक्यांमधून, चुका वजा करायच्या आणि एकूण प्रयत्नांनी भागायचं: 15 किल, 5 चुका, 40 प्रयत्न म्हणजे .250.

बास्केटबॉलला एक जण नजर न हलवता बोलतो, दुसरा मान वर न करता कीबोर्डवर टाकतो. ‘23, तीनचा, मिस. रिबाउंड 11.’ म्हणजे 23 नंबरची तीन गुणांची फेक चुकली आणि परत आलेला चेंडू 11 नंबरने पकडला. बोलणाऱ्याने शेरेबाजी सुरू केली की पुढची नोंद निसटलीच. सामना संपल्यावर कागद बाहेर देण्याआधी ताळा घ्यायचा. गोलंदाजांनी दिलेल्या धावांत बाय-लेगबाय मिळवून क्रिकेटचा गुणलेखक घेतो, तसाच. 40 मिनिटांच्या सामन्यात एका संघाच्या सगळ्या खेळाडूंची मिनिटं मिळून 200 भरली पाहिजेत. जादा वेळेच्या प्रत्येक डावाला आणखी 25. भरली नाहीत, तर कुठली तरी बदली नोंदवायची राहिली. चुकलेल्या फेकीमागे रिबाउंड सापडत नसेल, तर बहुधा चेंडू बाहेर गेल्यावर संघाच्या नावावर टाकायचा तो राहिलेला असतो.

नंबरांचा घोळ पूर्वी कमी व्हायचा. पंच बोटांनी नंबर दाखवतात, म्हणून बास्केटबॉलच्या जर्सीवर 0 ते 5 एवढेच अंक चालत. 2023-24 पासून 0 ते 99 सगळे नंबर खुले झाले आणि 3 की 8, ही शंका घामाने चिकटलेल्या जर्सीकडे बघून सोडवायची वेळ आली.

सगळ्यात जास्त वाद असिस्टवरून, म्हणजे बास्केट करून देणाऱ्या पासच्या नोंदीवरून, होतात, कारण पास थेट बास्केटला कारण ठरला का, हे मोजणाऱ्याच्या नजरेवर असतं. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये असिस्ट अधिकृत आकडेवारीत कायमचे आले ते 1983-84 च्या हंगामापासून. यजमानांच्या टेबलावरचा कागद अधिकृत धरतात, त्यामुळे पाहुण्या संघाचा माहिती अधिकारी सामन्यानंतर वेळ लिहिलेली चिठ्ठी घेऊन येतो: ‘दुसरा डाव, 7:42, असिस्ट आमच्या 5 चा.’ व्हिडिओ बघून बदल करायचा की नाही, हे यजमान ठरवतो. या खुर्चीत बसलेला नवखा पदवीधर अशा वेळी सहसा लगेच हो म्हणून मोकळा होतो, आणि तिथेच चुकतो. आधी व्हिडिओ लावावा.